रबीची निवड चाचणी

माझं नाक डावीकडे वळलेलं आहे. समोरून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस बोलतोय आपल्याशी, पण लक्ष शेजारच्यावर आहे. शाळेत मुलं पाठीमागे मला 'वाकडे सर' म्हणतात. एकदा एका नवीन पालकाने ऑफिसात येऊन मोठ्या आदराने, "वाकडे सरांना भेटायचं होतं," म्हटलं. आमच्या शिपायाने जराही न थबकता माझ्याकडे बोट दाखवलं आणि मीही उठून नमस्कार केला. मान मिळत असेल तर माणसाने नावावर अडून बसू नये.

हे नाक मोडलं विद्यापीठाच्या संघाकडून रग्बी खेळताना. क्रिकेटही मी विद्यापीठाकडून खेळलो, यष्टीमागे उभा राहून. पण पाटोदा तालुक्यात या दोन अभिमानांना सारखा भाव नाही. क्रिकेट म्हटलं की कुठल्याही ओट्यावर बसायला जागा होते आणि न मागता चहा येतो. रग्बी म्हटलं की लोक विचारतात, ते काय असतंय? मी मन लावून समजावून सांगतो. ऐकणारा मन लावून माझ्या नाकाकडे बघतो आणि म्हणतो, "मग कावून खेळत व्हता?"

खरं म्हणजे मी रग्बीत गेलो तो रांग चुकून. आष्टीकडच्या खेड्यातून विद्यापीठात पोचलो होतो. क्रिकेटच्या निवडीसाठी मैदानावर गेलो, तिथे दोन रांगा होत्या. मी लांब रांगेत उभा राहिलो. रेशनपासून एसटीपर्यंत आम्हाला शिकवण हीच, की जिथे रांग मोठी तिथे काहीतरी मिळणार. पुढे कळलं, त्या रांगेत चाचणीनंतर केळी आणि उकडलेली अंडी मिळायची. माझ्यापुढे शेख नावाचा एक मुलगा होता, रुंदीला कपाटाएवढा. प्रशिक्षकांनी मला विचारलं, पडता येतं का? मी म्हणालो, येतं. बैलगाडीवरून पडलोय, बाभळीवरून पडलोय, बारावीला एकदा पडलोय. त्यांनी शेखला माझ्या अंगावर सोडलं. उठलो तेव्हा मी रग्बीच्या संघात होतो आणि शेख माझ्यासाठी अंडं सोलत होता. क्रिकेटच्या रांगेत मी दुसऱ्या दिवशी गेलो.

शाळेत मी भूगोल शिकवतो. पण छोट्या शाळेत ज्याला शिट्टी वाजवता येते तोच खेळाचा शिक्षक होतो. बाहेरच्यांना वाटतं, खेळाचे सर खेळ शिकवत असतील. तसं नसतं. खेळाचे सर प्रार्थनेला रांगा सरळ करतात, नखं तपासतात, भिंतीवरून उडी मारून गेलेल्यांना त्याच भिंतीवरून परत आणतात आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ सुटेपर्यंत श्वास रोखून धरतात. त्यातून उरलेला तास गणिताचे सर मागून नेतात, कारण त्यांचा भाग राहिलेला असतो. माझ्या कारकिर्दीत गणिताचा भाग कधीच पूर्ण झाला नाही.

तरीही एके वर्षी मी माळ्यावरचा लांबट चेंडू काढला आणि हवा भरून मैदानात टाकला. मुलांनी त्याला लाथ मारली. तो डावीकडे जाईल असं वाटलं, तो उजवीकडे गेला, मग उलटा फिरून मारणाऱ्याच्याच पायावर आला. मुलांना तो अपमान वाटला. ती बॅट घेऊन निघून गेली. मुली मात्र थांबल्या. त्यांच्या वाट्याला आजवर एकही चेंडू पूर्ण आला नव्हता, त्यामुळे आकाराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

खेळ थोडक्यात असा. सात जणी इकडे, सात जणी तिकडे. चेंडू हातात घेऊन समोरच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा. वाटेत समोरच्या मुली तुम्हाला कमरेला मिठी मारून पाडणार, आणि ते नियमात बसतं. खरी गंमत पुढे आहे. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर मागे किंवा बाजूला. पळायचं पुढे, द्यायचं मागे. हे मी शहरातल्या मुलांना आठवडा आठवडा शिकवताना पाहिलं आहे. पळणारा माणूस मागे द्यायचं म्हटलं की मान वळवतो, आणि मान वळली की पडतो.

दीक्षाने मान वळवली नाही. नववीतली मुलगी, बुटकी, खांद्याला भक्कम, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी ती सरळ समोर बघत पळाली आणि न बघता दोन्ही हातांनी चेंडू मागे दिला, तो नेमका मागच्या मुलीच्या पोटाशी. मी शिट्टी वाजवायची विसरलो. विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "ऊस तोडताना सर. बाप म्होरं तोडतो, मी मागं देते, आई मोळी बांधती. मागं बघत बसलं तर कोयता लागतो."

तिचे आईबाप दरवर्षी दसऱ्यानंतर कारखान्यावर जातात. दीक्षा त्यांच्याबरोबर जायची, धाकट्या भावाला सांभाळायची, ऊस मागे द्यायची आणि उन्हाळ्यात परत येऊन हुकलेला अभ्यास भरून काढायची. गेल्या वर्षापासून तो भरून निघेनासा झाला होता.

आता अडचण मैदानाची. आमच्या शाळेचं मैदान मुरमाचं आहे. क्रिकेटला ठीक, पण तिथे रग्बी खेळली तर माझ्यासारख्या नाकांची अख्खी पिढी तयार होईल. पडायला मऊ जमीन लागते, आणि तशी जमीन एकच होती. शाळेमागचं, ओढ्याकाठचं आबांचं रान. काळंभोर, खोल मातीचं. पावसाळाभर ते रिकामं ठेवायचे आणि दसऱ्याच्या आसपास त्यात ज्वारी पेरायचे. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. पंचायतीत त्यांचा शब्द चालतो आणि घरात त्यांच्या मुलाचा, दत्ताचा.

ते रान मला क्रिकेटने मिळवून दिलं. शेजारच्या गावात स्पर्धा होती, बक्षीस एक बोकड. आबांनी मला गावच्या संघात यष्टीमागे उभं केलं. समोर फलंदाज कुणा पुढाऱ्याचा मेहुणा होता. त्याला पायचीत द्यायची कुठल्याच पंचाची छाती नव्हती. झेल घेतला तर पंच म्हणाले, आवाज ऐकू आला नाही. दुसरा घेतला तर म्हणाले, डोळ्यात कचरा गेला. शेवटी तो पुढे सरसावला आणि चुकला. मी तिन्ही यष्ट्या मुळासकट उपटून काखेत घेतल्या, पंचांसमोर जाऊन उभा राहिलो आणि अदबीने विचारलं, आता काही दिसतंय का? पंच हसले आणि हसता हसता त्यांचं बोट वर गेलं.

बोकडाच्या जेवणात आबा खुशीत होते. म्हणाले, मास्तर, मागा काय मागायचं ते. मी म्हणालो, मला तुमचं ओढ्याकाठचं रान पाहिजे.

दत्ताच्या तोंडातलं हाडूक तिथंच राहिलं. मग मी सावकाश म्हणालो, "सात-बारा तुमच्याच नावावर राहू द्या आबा. मला फक्त त्यावर पडायचंय."

आबा ठसका लागेपर्यंत हसले. "पडा. खुशाल पडा. पर दसरा झाला की उठायचं."

म्हणून आम्ही पावसाळाभर पडलो. आबा रोज संध्याकाळी बांधावर येऊन बसायचे. काही विचारायचे नाहीत. फक्त एखादी मुलगी जोरात आपटली की "हाड शाबूत हाय का गं?" एवढं म्हणायचे.

शेख आता विभागाच्या संघासाठी मुली निवडतो. तो ज्या मुलीला निवडेल तिला शहरातल्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळते. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शाळा. मी त्याला फोन केला, दीक्षाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "दोस्ती अपनी जगह, निवड अपनी जगह. येऊन बघतो." दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला. आबांनी दिलेली मुदत उलटत होती, पण रानात पेरणी अजून व्हायची होती. मांजरसुंब्याकडच्या एका शाळेच्या मुली समोर खेळायला येणार होत्या.

दीक्षाच्या आईला, शोभाताईंना, सांगायला मी घरी गेलो. त्या कोयत्याला धार लावत होत्या. मी वसतिगृहाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तिला पळायला शिकवताय. आमी जलमभर पळतोच हाव की." मग म्हणाल्या, कारखान्याचा ट्रक त्यानंतरच्या मंगळवारी येणार आहे. त्याआधी नाव लागलं तर ती राहील. नाही लागलं तर ट्रकमध्ये बसेल, आणि यंदा शाळेचा विषय संपेल, कारण नववी-दहावीचं असं अर्धंमुर्धं काही होत नाही. दीक्षा चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने मान वळवली नाही.

आणि गुरुवारी पाऊस आला. दसरा उलटून गेल्यावर आलेला, धो धो, ओढा भरून वाहवणारा. गाव आनंदलं. मी मात्र बोटांवर दिवस मोजायला लागलो, कारण मी भूगोलाचा शिक्षक असलो तरी आधी कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे. असा पाऊस पडून गेला की दोन-चार दिवसांत जमिनीला वाफसा येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिखल गेलेला असतो, पण ओल असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि खाली टाकला तर फुटतो. तेवढ्या दिवसांत पेरायचं. आधी पेरलं तर बी कुजतं, नंतर पेरलं तर ओल उडून जाते. पेरणी यंत्राचा ट्रॅक्टर गावात एकच, त्याच्या पाळ्या लागतात, आणि दत्ताने सोमवारी सकाळची पहिली पाळी धरली होती. पाळी हुकली तर पुढची गाव फिरून येईपर्यंत रान वाळलेलं.

मला वाटलं, काय हरकत आहे, आमची चाचणी शनिवारी आहे. तोवर कुलथे सरांनी आपलं काम केलं होतं.

कुलथे सर आमचे चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्या हातून ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं कोणी पाहिलेलं नाही. पंचायतीसमोरच्या फळ्यावर लिहायला मी त्यांच्याकडे चिठ्ठी दिली होती, रग्बी निवड चाचणी, बाहेरून तज्ज्ञ येणार. त्यांनी ती रंगीत खडूने, वळणदार अक्षरात लिहिली. खाली ज्वारीचं कणीसही काढलं. मला म्हणाले, "सर, तुम्ही भूगोलाचे, म्हणून चारचौघांत बोललो नाही. मधला 'ग' जास्तीचा होता. काढून टाकला."

शनिवारी सकाळी आबांच्या रानाच्या बांधावर अख्खं गाव जमलेलं होतं. टोप्या, पागोटी, मोटरसायकली. काहींनी पिशवीत बियाणं आणलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं, 'शनिवारी रबी निवड चाचणी. बाहेरून तज्ज्ञ येणार. ठिकाण : आबांचं ओढ्याकाठचं रान.' रबीच्या वाणांची निवड, त्यात बाहेरचा तज्ज्ञ, आणि तेही ऐन पेरणीच्या तोंडावर. घरी कोण बसेल? बांधाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या सात मुली निळ्या बनियनमध्ये उभ्या होत्या. लोकांना वाटलं, स्वागतगीत असेल.

जीपमधून शेख उतरला. अजूनही कपाटाएवढा, आता कपाटाला पोट आलेलं. एवढी गर्दी बघून तो खूश झाला. मला कानात म्हणाला, यार, तुमच्या गावात रग्बीचं एवढं वेड? मी तोंड उघडणार तोच त्याला घेरलं.

सगळ्यांच्या पुढे आबा. त्यांनी हात जोडले. "या साहेब. आमी सकाळधरनं वाट बघतोय. सांगा, रानात कवा उतरायचं?"

शेख खाली वाकला. मैदान तपासायची त्याची ती जुनी सवय आहे. त्याने मूठभर माती घेतली, दाबली, गोळा करून खाली टाकला. गोळा फुटला नाही, थप्पकन बसला. बांधावरून एक समाधानाचा सुस्कारा आला. साहेबाला कळतंय म्हणायचं.

"आज नको," शेख म्हणाला. "आज पाय रुततील. परवा सकाळपर्यंत बरोबर होईल."

मागून एकाने विचारलं, "साहेब, उंच घ्यावी का बुटकी?"

"उंची नका बघू," शेख म्हणाला. "धक्का लागला की लोळणार नाही, अशी पाहिजे."

माना डोलल्या. वाऱ्याने लोळणारी ज्वारी कुणालाच नको असते.

"आन दुष्काळात टिकल का?"

"खालून घट्ट असली की सगळ्यात टिकते. पण नुसतं बघून मी सांगणार नाही. पळवून बघतो, पाडून बघतो, मग निवडतो."

इथे लोक जरा गोंधळले. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, नवीन पद्धत असेल. मी शेखची बाही ओढत होतो, पण त्याला आयुष्यात पहिल्यांदा असे श्रोते मिळाले होते. तो आबांकडे वळून म्हणाला, "फक्त एक करा. परवा सकाळी इथे ट्रॅक्टर अजिबात घालू नका. दुपारनंतर तुमचं काय ते करा."

दत्ता पुढे आला. म्हणाला, साहेब, सकाळची पाळी लावली आहे. आबांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि गर्दीत बघितलं. "विष्णू, तुझं वरचं रान हलकं हाय, लवकर वाळतंय. सकाळची पाळी तू घे. दुपारची आमाला दे. साहेबच म्हनत्यात म्हटल्यावर." विष्णूने मान डोलावली. दत्ताने एकदा शेखकडे बघितलं, एकदा मातीच्या गोळ्याकडे, आणि म्हणाला, "साहेब म्हनत्यात तर तसं."

गर्दी पांगली. शेख शेजारच्या शाळेत दुसऱ्या मुली बघायला गेला, सोमवारी सकाळी परत येतो म्हणून. मांजरसुंब्याकडच्या मुलींनाही सोमवारचा निरोप गेला. मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि मला ते गिळवत नव्हतं. परक्याच्या पेरणीशी खेळ करायचा नसतो, हे मला कुठल्या विद्यापीठात शिकावं लागलेलं नाही. दुपारीच मी आबांच्या घरी गेलो. दत्ता बाहेर गेला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो साहेब शेतीखात्याचा नाही, तो रग्बीचा माणूस आहे, आमच्या फळ्यावर एक 'ग' गळाला. तुम्हाला सकाळीच पेरायचं असेल तर पेरा. दीक्षाचं काय ते मी बघतो. हे शेवटचं वाक्य मी फार शूरपणे म्हटलं, पण काय बघणार होतो ते मला माहीत नव्हतं.

आबा सुपारी कातरत होते. त्यांनी खांड माझ्या हातावर ठेवलं.

"मास्तर, त्याच्या बुटाला खिळे व्हते."

मी खाली बसलो.

"शेतीखात्याचा मानूस खिळ्याचे बूट घालून येतो व्हय? अन रोज संध्याकाळी तुमच्या पोरींच्या पायात तसलेच बघतो की मी."

"मग तुम्ही विचारलंत कशाला, रानात कधी उतरायचं म्हणून?"

"माजं रान हाय. वाफसा परवा दुपारी येनार, हे मला काल रातच्यालाच ठावं व्हतं. दत्त्याला चार डाव सांगितलं. त्यो मोबाईलवर बघून म्हनतो, सकाळीच. बापाचं त्याला पटत न्हाई, साहेबाचं पटतं. मंग आलेला साहेब वाया कावून घालवायचा?"

मी हसायला लागलो, पण ते हसले नाहीत. सुपारी खाऊन झाल्यावर म्हणाले, "त्या पोरीच्या आज्यानं ह्या रानात उभी हयात पेरलं. पाभरीच्या चाड्यावर बियाची मूठ धरायचा. ओळ कधी वाकडी गेली न्हाई. मळणीला त्याच्या पदरात काय पडायचं, ते मी बघितलंय. मीच टाकायचो." त्यांनी अडकित्ता मिटला. "तिला सकाळच्याला जेवढं पडायचं तेवढं पडू द्या."

सोमवारी सकाळी शेखने परत माती दाबली. गोळा झाला, आणि टाकल्यावर जेमतेम फुटला. मला म्हणाला, बघ, असं मैदान शहरात कुठे मिळतं? मी म्हणालो, याला वाफसा म्हणतात, दुपारपर्यंत पुरता येईल. त्याला तो शब्द आवडला. दिवसभर तो प्रत्येक गोष्टीला वाफसा म्हणत होता, चहालासुद्धा.

बांधावर आज थोडीच माणसं होती. आबा, कुलथे सर, काही शाळेतली मुलं, आणि सगळ्यांपासून लांब, बाभळीखाली, शोभाताई. त्यांनी हा खेळ आधी पाहिलेला नव्हता. समोरच्या संघातली एक उंच मुलगी पहिल्याच धडकेत दीक्षाला घेऊन पडली. माती उडाली. दीक्षा लगेच उठली नाही. शोभाताई बांधावरून खाली उतरल्या, चार पावलं आल्या आणि थांबल्या. दीक्षाने तोंडातली माती थुंकली, पदराने पुसावी तशी बनियनने जीभ पुसली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. शोभाताई मागे गेल्या नाहीत, पुढेही आल्या नाहीत. तिथंच मातीत उभ्या राहिल्या.

खेळ संपत आला तेव्हा बरोबरी होती. शेखने एक शब्द उच्चारला नव्हता. निवडणारा माणूस खेळ चालू असताना दगडासारखा उभा राहतो, ते त्याचं कामच असतं, पण मला त्या क्षणी तो दगड फोडावासा वाटत होता. मग चेंडू दीक्षाच्या हातात आला आणि ती रेषेकडे सुटली. एकीला चुकवलं, दुसरीला खांद्याने बाजूला केलं. रेषा जवळ आली. समोरून ती उंच मुलगी आणि बाजूने आणखी एक. मी मनात म्हणत होतो, घुस पोरी, स्वतः घुस, तो बघतोय. तिने चेंडू न बघता मागे दिला. मागच्या मुलीने तो घेऊन रिकाम्या वाटेने पलीकडे टेकवला. आमची शाळा जिंकली, मुली नाचल्या, मी मात्र शेखकडे बघत होतो. गुण दुसरीचा झाला होता. दीक्षा त्या दोघींच्या खाली, मातीत होती.

शेख माझ्याकडे आला. "ती खालची," तो म्हणाला. "नाव सांग."

"गुण तिने केला नाही," मी म्हणालो. मला स्वतःलाच कळेना, मी कुणाची वकिली करतोय.

"तिच्या जागी तू असतास तर स्वतः घुसला असतास. म्हणून तुझं नाक तसं आहे." तो शोभाताईंकडे गेला. मी मागून गेलो. त्याने वसतिगृहाचं सांगितलं, राहणं, जेवण, शाळा. त्या मातीत उभ्या राहून ऐकत होत्या.

"तिथं रोज पाडत्यात का तिला?"

"रोज," शेख म्हणाला.

शोभाताईंनी पोरीकडे बघितलं. "मग जेवाया नीट घाला."

दुपारी आबांच्या रानात ट्रॅक्टर आला. आमच्या पायांनी झालेला पसारा वखराने मोडला, मागोमाग पेरणी झाली. दत्ता सगळ्यांना सांगत होता, साहेबाने सांगितलेली वेळ बरोबर ठरली.

मंगळवारी ट्रक आला. मी पोचवायला गेलो होतो. दीक्षा खाली उभी होती, नवीन पिशवी काखेत घेऊन. धाकटा भाऊ आईच्या मांडीवर बसून गेला. आता त्याला उसाच्या पाचटात कोण सांभाळणार, हे कोणी कोणाला विचारलं नाही. आणि त्याच ट्रकमध्ये माझ्या सातांतल्या आणखी दोघी होत्या. गुण करणारी त्यांतलीच एक. तिने मला हात केला, हसून. शेखकडे एकच जागा होती. हे मी त्याला आणि स्वतःला अनेकदा सांगितलं आहे, आणि दरवेळी ते खरंच असतं. पुढच्या दसऱ्याआधी दोन जागा मागायच्या आहेत. मागताना लाजायचं नाही, एवढं मी बोकडाच्या पंगतीत शिकलो आहे.

आमच्या गावात त्या खेळाला आता कोणी रग्बी म्हणत नाही. रबी म्हणतात. शाळेच्या फळ्यावरही तसंच लिहिलं जातं आणि कुलथे सर त्यावर समाधानी आहेत. रविवारी दीक्षाचा वसतिगृहातून फोन येतो. गेल्या खेपेला तो आला तेव्हा मी आबांच्या बांधावर बसलो होतो. ज्वारी कमरेला लागली होती. आबांनी माझ्या हातातून फोन घेतला, लांब धरला आणि ओरडून विचारलं, "काय गं, रबी कशी हाय तुजी?"

पलीकडे मुलींचा गलका, कुणाची तरी शिट्टी. मग तिचा आवाज आला.

"वाफसा हाय आबा."

आबांनी फोन मला परत दिला आणि ज्वारीकडे बघत बसले.